नाव, गाव आणि पुरावा : ओझरमधील बँकखात्यांचा प्रश्न

नाशिक शहरापासून मुंबई-आग्रा महामार्गाने सुमारे वीस किलोमीटरवर, बाणगंगेच्या काठी वसलेल्या निफाड तालुक्यातील ओझर या गावात दोन वस्त्या शेजारी-शेजारी नांदतात आणि सरकारी कागदांशी असलेले त्यांचे नाते एकमेकींहून अगदी वेगळे आहे. एक वस्ती जुन्या गावठाणाची व भोवतालच्या मळ्यांची. दुसरी, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ च्या सुमारास येथे मिग विमानांचा कारखाना आला त्यानंतर हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एचएएल’ने, आपल्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेल्या टाउनशिपची. याशिवाय द्राक्षांच्या हंगामात पेठ, सुरगाणा आणि गुजरातमधील डांगच्या बाजूने उतरणाऱ्या मजुरांची एक तिसरी, तात्पुरती वस्ती असते आणि ती कोणत्याही नकाशावर दिसत नाही. बँकेत खाते उघडताना आपण कोण आहोत हे सिद्ध करण्याची वेळ या तिन्ही वस्त्यांतील माणसांवर येते. नियम सर्वांना एकच असतो, परंतु तो पाळण्याची साधने तिघांच्या हाती सारखी नसतात. या लेखाचे प्रतिपादन असे की ओळख सिद्ध करण्याचे नियम वाटतात तितके कठोर नाहीत, त्यांत गरिबासाठी, स्थलांतरितासाठी व नाव बदललेल्या स्त्रीसाठी बऱ्याच वाटा जाणीवपूर्वक ठेवलेल्या आहेत. मात्र त्या वाटा शाखेच्या काउंटरपर्यंत पोहोचत नाहीत, आणि या अंतराची किंमत ज्यांना ती सर्वांत कमी परवडते तेच लोक मोजतात.

बँकेत शिरण्यापूर्वी ओळख पटवावी लागणे ही काही नवी गोष्ट नव्हे. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर शाखा गावोगावी पसरल्या, तेव्हा खाते उघडण्याच्या अर्जावर ‘ओळख देणारा’ असा एक रकाना असे आणि त्यात त्याच शाखेतील जुन्या खातेदाराने, आपण अर्जदाराला अमुक वर्षांपासून ओळखतो, असे लिहून सही करावी लागे. ओझरसारख्या गावात ही सही शाळेतील गुरुजींची असे, विविध कार्यकारी सोसायटीच्या सचिवाची असे, किंवा कारखान्यात नोकरीला लागलेल्या भाऊबंदाची असे. या पद्धतीबद्दल आज हळहळ व्यक्त करणारे अनेक आहेत, परंतु तिचे गुणगान करताना सावध राहणे आवश्यक आहे, कारण ज्याच्या ओळखीत एकही खातेदार नव्हता अशा भिल्ल, कोकणा किंवा महादेव कोळी मजुराला तिने दारातच अडवले होते. माणसाची पत त्याच्या ओळखीच्या माणसांवरून ठरत होती आणि गावातील उतरंड जशीच्या तशी बँकेच्या खातेवहीत उमटत होती.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००२ मध्ये ‘आपला ग्राहक ओळखा’ या नावाची मार्गदर्शक तत्त्वे बँकांना घालून दिली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तीच पुढे ‘केवायसी’ म्हणून घराघरांत पोहोचली. नोव्हेंबर २००४ मध्ये ती अधिक तपशीलवार करण्यात आली आणि १ जुलै २००५ पासून मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ अमलात आल्यावर तिला कायद्याचे बळ मिळाले. मनी लाँडरिंग म्हणजे गुन्ह्यातून मिळवलेला पैसा निरनिराळ्या व्यवहारांतून फिरवून तो स्वच्छ असल्याचे भासवणे. असा पैसा बनावट नावाच्या खात्यांतून फिरू नये म्हणून प्रत्येक खात्यामागे खरे माणूस आहे याची खात्री करून घेणे हा या सर्व व्यवस्थेचा हेतू होता आणि आहे. डिसेंबर २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की खाते उघडण्यासाठी जुन्या खातेदाराची ओळख मागण्याची गरज नाही व बँकांनी तसा आग्रह धरू नये. अशा रीतीने माणसाच्या साक्षीची जागा पूर्णपणे कागदाने घेतली. कागदाला जात नसते आणि भाऊबंदकी नसते, ही त्यातील खरी प्रगती होती. परंतु साक्षीदाराला शंका विचारता येते व त्याला उत्तर देता येते, आणि कागदावरील चुकलेल्या अक्षराला तसे बोलते करता येत नाही.

ओळखीसाठी ग्राह्य धरलेल्या कागदांना नियमांच्या भाषेत ‘अधिकृत वैध दस्तऐवज’ म्हणतात आणि त्यांची यादी लहान आहे : पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना, मतदार ओळखपत्र, राज्य शासनाच्या अधिकाऱ्याने सही केलेले रोजगार हमीचे जॉब कार्ड, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे नाव-पत्त्याचे पत्र, आणि आधार क्रमांक असल्याचा पुरावा. पॅन कार्ड या यादीत नाही. ते करविषयक नोंदीसाठी मागितले जाते आणि ज्याच्याकडे ते नाही त्याला त्याऐवजी ‘फॉर्म ६०’ हे घोषणापत्र भरून देता येते. यादीत काय आहे यापेक्षा काय नाही हे ग्रामीण वाचकाला अधिक बोचेल. ज्या शिधापत्रिकेवर तीन पिढ्यांचे संसार नोंदले गेले ती रेशन कार्डाची पुस्तिका यादीत नाही. तलाठ्याचा रहिवासी दाखला नाही, सरपंचाचे पत्र नाही, पोलीस पाटलाचा दाखला नाही. शेतकऱ्याच्या घरी सर्वांत जपून ठेवला जाणारा कागद म्हणजे सात-बारा उतारा. पीककर्जाच्या वेळी त्याच्याशिवाय पान हलत नाही, परंतु त्याच शेतकऱ्याची ओळख पटवायला तो चालत नाही, कारण त्यावर ना छायाचित्र असते ना राहत्या घराचा पत्ता.

या यादीचा नाशिकशी असलेला संबंध येथे नमूद करण्याजोगा आहे. यादीतील पहिला दस्तऐवज, भारताचा पासपोर्ट, याच जिल्ह्यात, नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो. तिच्यातील सर्वाधिक वापरला जाणारा दस्तऐवज, आधार, याचा आरंभही उत्तर महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या टेंभली या आदिवासी गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत झाला. ज्यांच्याकडे कोणताच कागद नाही त्यांना निदान एक कागद मिळावा, हे त्या वेळी सांगितलेले उद्दिष्ट होते आणि ते मोठ्या प्रमाणात साध्य झाले हे मान्य करावेच लागते. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरील प्रौढ माणसाजवळ आज बहुधा आधार असते. त्यामुळे ओझरमधील आजचा प्रश्न ‘कागद नाही’ असा क्वचितच असतो. कागद असतो, परंतु तो दुसऱ्या कागदाशी जुळत नाही, किंवा ज्याच्या नावाचा आहे त्या माणसाच्या आजच्या जगण्याशी जुळत नाही. ही न जुळण्याची ठिकाणे मुख्यतः चार आहेत : पत्ता, नाव, जन्मतारीख आणि बोटांचे ठसे.

पत्त्याच्या बाबतीत ओझरच्या दोन वस्त्यांमधील फरक अगदी नियमाच्या शब्दांतच सापडतो. अर्जदाराच्या ओळखपत्रावर सध्याचा पत्ता नसेल तर काही अन्य कागद त्या पत्त्यापुरते तात्पुरते ग्राह्य धरले जातात. यांना ‘मानीव’ दस्तऐवज म्हणावे, म्हणजे प्रत्यक्षात यादीत नसलेले पण यादीत असल्याचे मानून घेतलेले. दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले वीज, पाणी, दूरध्वनी किंवा गॅसचे बिल, मालमत्ता कराची पावती, निवृत्त सरकारी वा सार्वजनिक उपक्रमाच्या कर्मचाऱ्याचा पत्ता असलेला पेन्शन आदेश, आणि सरकार, सार्वजनिक उपक्रम, बँका वा शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या यांनी कर्मचाऱ्याला दिलेले निवासवाटपाचे पत्र, असे हे कागद असून ते दिल्यावर तीन महिन्यांत नव्या पत्त्याचा मूळ दस्तऐवज सादर करावा लागतो. एचएएल हा सार्वजनिक उपक्रमही आहे आणि २०१८ पासून शेअर बाजारात नोंदलेली कंपनीही. त्यामुळे टाउनशिपमधील क्वार्टर मिळाल्याचे पत्र हाती घेऊन येणारा कर्मचारी, मग तो ओडिशातून आलेला असो वा केरळातून, नियमाच्या चौकटीत पहिल्याच दिवशी चपखल बसतो. त्याच कारखान्यात ठेकेदाराकडून काम करणारा कामगार गावात भाड्याच्या खोलीत राहतो. त्याचे वीजबिल घरमालकाच्या नावाचे असते, करपावतीही घरमालकाच्याच नावाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, तरी लहान गावात एका खोलीसाठी नोंदणी करणारे घरमालक थोडेच. आणि केली तरी खाजगी घरमालकाशी झालेला करार या मानीव कागदांत मोडत नाही, कारण तेथे उल्लेख आहे तो वर सांगितलेल्या मालक-संस्थांशी झालेल्या करारांचा.

यावर नियमातच एक सोपा उपाय आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक नाही. ज्या ग्राहकाची ओळख आधारच्या ई-केवायसीने, म्हणजे ठसा वा तत्सम खूण थेट आधारच्या मध्यवर्ती संचिकेशी ताडून, पटवली गेली आहे, त्याचा सध्याचा पत्ता आधारवरील पत्त्याहून वेगळा असल्यास त्याने तसे स्वतःच्या सहीने लिहून दिलेले पुरेसे मानता येते. नांदेड किंवा जळगावचे आधार असलेल्या आणि ओझरला भाड्याने राहणाऱ्या कामगाराने एका ओळीचे घोषणापत्र द्यावे, इतकेच पुरेसे असते. प्रत्यक्षात अशा कामगाराला ‘आधी आधारवर पत्ता बदलून या’ असे सांगून परत पाठवले जाते आणि पत्ता बदलण्यासाठी पुन्हा पत्त्याचाच पुरावा लागतो, म्हणून तो जेथून निघाला तेथेच येऊन पोहोचतो. रोजंदारीवरील माणसाची प्रत्येक फेरी म्हणजे एक बुडालेला रोज असतो, ही गोष्ट काउंटरच्या आतल्या बाजूने सहसा दिसत नाही.

नावाचा प्रश्न मात्र याहून खोल आहे आणि तो प्रामुख्याने स्त्रियांचा आहे. मराठी नावाच्या रचनेत स्वतःचे नाव, मग वडिलांचे वा पतीचे नाव आणि शेवटी आडनाव असे तीन भाग असतात. पुरुषाचे तिन्ही भाग जन्मापासून मरणापर्यंत तेच राहतात, तर विवाहित स्त्रीचे दोन भाग रूढीने बदलतात आणि सासरी नवे नाव ठेवण्याची चाल असलेल्या घरांत तिन्ही बदलतात. परिणामी तिचा शाळा सोडल्याचा दाखला एका नावाचा, मतदार ओळखपत्र दुसऱ्या नावाचे, आणि आधार ते कधी काढले त्यावर अवलंबून यांपैकी एखाद्या किंवा तिसऱ्याच रूपातील नावाचे, असे सहज घडते. यात रोमन लिपीची भर पडते, कारण बँकेच्या संगणकात नाव त्याच लिपीत जाते : ‘व’साठी कोणी एक अक्षर वापरतो कोणी दुसरे, दीर्घ आकारासाठी एक अक्षर की दोन हे नोंद करणाऱ्याच्या मनावर असते, आणि ‘सखू’, ‘सखुबाई’ व ‘सखूताई’ या तीन नोंदी माणसाला एक आणि यंत्राला तीन वाटतात. पुरुषांनाही ‘भाऊ’, ‘भाऊराव’ आणि ‘भाऊसाहेब’ यांचा असाच जाच होतो, पण त्यांचे निदान आडनाव तरी स्थिर असते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांत यासाठी स्पष्ट तरतूद आहे : दस्तऐवज दिल्यानंतर नाव बदलले असेल तर राज्य शासनाने दिलेले विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाची राजपत्रातील अधिसूचना सोबत जोडल्यास जुन्या नावाचा दस्तऐवजही वैध मानावा. कागदावर ही सोय उत्तम आहे. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा सध्याचा कायदा १९९८ चा असून तो १९९९ पासून अमलात आला, आणि त्याखाली खेड्यात ग्रामसेवकाकडे व शहरात नगरपरिषदेकडे नोंदणी होते; तरी ज्या बाईचे लग्न त्याआधी, किंवा त्यानंतरही केवळ मांडवात आणि पंगतीत झाले, तिच्याकडे प्रमाणपत्र कोठून येणार? उशिरा नोंदणी करता येते, पण त्यासाठी पतीने बरोबर यावे लागते, साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्याची सही लागते. नांदणाऱ्या बाईला हे कष्टाचे असले तरी जमते. परित्यक्तेला, म्हणजे घटस्फोट न होता नवऱ्याने टाकलेल्या बाईला, ते जमत नाही. ज्याने तिला घराबाहेर काढले त्यालाच तिच्या नावाचा पुरावा द्यायला बोलावून आणणे तिच्या हाती नसते, आणि स्वतःचे खाते असण्याची गरज इतर कोणाहीपेक्षा तिलाच अधिक असते. ही अट लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अशी बाई आलीच नसावी, असे खेदाने म्हणावे लागते.

पत्त्याच्या पुराव्यातही तिची तीच गत होते, कारण वीजबिल व करपावती घरमालक पुरुषाच्या नावाची असते. ओझरच्या पुढे याच महामार्गावर असलेल्या चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी नेते शरद जोशी यांच्या पुढाकाराने शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरले होते आणि त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्ती आंदोलनात हजारो शेतकऱ्यांनी आपली जमीन पत्नीच्या नावे करून दिली. त्या आंदोलनाचा विचार मालकीहक्काच्या अंगाने पुष्कळ झाला आहे, पण सरकारी कागदावर स्वतःचे नाव असणे हे पुढे ओळखीचेही साधन ठरते, या बाजूने त्याकडे फारसे पाहिले गेले नाही. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे शासकीय कागदपत्रांवर बंधनकारक केले, हे स्वागतार्ह आहे. विवाहित स्त्रीच्या बाबतीत मात्र नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही प्रचलित पद्धतच त्या निर्णयाने कायम ठेवली.

जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेने हा सुप्त प्रश्न एकदम पृष्ठभागावर आणला. महिना १५०० रुपये थेट खात्यात जमा व्हायचे, खाते स्त्रीच्या स्वतःच्या नावाचे हवे आणि ते आधारशी जोडलेले हवे, या अटींमुळे राज्यभर बँकांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. येथे आधार-जोडणीची यंत्रणा समजून घेणे अगत्याचे आहे : एका व्यक्तीची अनेक खाती असली तरी सरकारी अनुदान ज्या खात्याकडे वळवायचे ते एकच खाते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या नोंदीत आधार क्रमांकासमोर लावलेले असते, आणि बहुधा ते सर्वांत शेवटी जोडलेले असते. अर्जात एका बँकेचा क्रमांक लिहिलेल्या बाईचे पैसे पूर्वी कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात जमा होत राहिले, ते या कारणाने. सप्टेंबर २०२५ मध्ये याच योजनेसाठी ई-केवायसी बंधनकारक झाली आणि तीत स्वतःच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागण्यात आला. ज्यांचे दोघेही हयात नाहीत, किंवा पतीशी संबंध उरलेला नाही, अशा स्त्रियांसाठी शासनाला नंतर वेगळी व्यवस्था करावी लागली. मोबाइलवर येणारा एकवेळचा संकेतांक म्हणजे ओटीपी घरातील एकुलत्या फोनवर येतो आणि तो फोन नवऱ्याबरोबर कामावर गेलेला असतो, या साध्या वस्तुस्थितीपुढे योजनेचा सारा डिजिटल डोलारा थांबतो.

जन्मतारखेबद्दल थोडक्यात सांगता येईल. महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय अदमासाने धरून जूनची पहिली तारीख टाकली. जे शाळेत गेलेच नाहीत त्यांच्या आधारवर कित्येकदा केवळ जन्मवर्ष असते किंवा १ जानेवारी असते. एकाच माणसाच्या दाखल्यावर जून आणि आधारवर जानेवारी असली की संगणक दोन माणसे पाहतो. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असे खुद्द आधार प्राधिकरणाचे म्हणणे असून सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये एका अपघात-भरपाईच्या खटल्यात शाळेच्या दाखल्याला अधिक ग्राह्य धरले. असे असूनही आधारवरील जन्मतारीख आयुष्यात सामान्यतः एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येते, त्यामुळे पहिल्या नोंदणीच्या वेळी घाईत झालेली चूक माणसाला दीर्घकाळ पुरते.

द्राक्षमळ्यांतील मजुरांच्या वाट्याला या साऱ्या अडचणी एकत्र येतात. भात-नागलीची कापणी आटोपली की पेठ, सुरगाणा, दिंडोरीच्या पश्चिम पट्ट्यातून टोळ्या निफाड तालुक्यात उतरतात. ऑक्टोबरची गोडी छाटणी, त्यानंतरची पेस्ट लावण्याची व फेलफुटी काढण्याची कामे, डिपिंग म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे, थिनिंग म्हणजे घडातील दाटी विरळ करणे, आणि जानेवारीपासून खुडा, असा हा क्रम असतो. सारी कामे बोटांची आहेत. कात्री, वेलीची खरखरीत साल आणि रसायने यांनी बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि ठसा घेणारे यंत्र ‘जुळत नाही’ असे दाखवते. ही अडचण नियम करणाऱ्यांना अज्ञात नव्हती. शासकीय लाभ घेणाऱ्या व्यक्तीचा ठसा इजा, आजार, वार्धक्य अशा कारणांनी जुळत नसेल तर बँकेने आधारची ऑफलाइन पडताळणी, किंवा अन्य वैध दस्तऐवजाची प्रमाणित प्रत, यांवर ओळख पूर्ण करावी असे नियमांत नमूद आहे. डोळ्यांचे बुबुळ आणि चेहरा हे पर्यायही उपलब्ध आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या पुट्टस्वामी निकालात बँकखात्याला आधारची सक्ती रद्द केली, मात्र सरकारी लाभांसाठी आधार मागणे वैध ठरवले; या दुहेरी स्थितीमुळे अनुदानासाठी खाते उघडणाऱ्या मजुराला आधार टाळता येत नाही आणि ठसा जुळत नाही म्हणून ते वापरताही येत नाही, म्हणून ही पर्यायी पडताळणी त्याच्यासाठी अनिवार्य ठरते.

ज्याच्याकडे यादीतील एकही दस्तऐवज नाही त्याच्यासाठीही दार पूर्ण बंद नाही. डिसेंबर २०१० पासून ‘लघुखाते’ ही सोय अस्तित्वात आहे : बँक अधिकाऱ्यासमोर स्वतःच्या छायाचित्रावर सही किंवा अंगठा केला की खाते उघडते. त्यात एका आर्थिक वर्षात एकूण १ लाख रुपयांपर्यंत जमा, महिन्याला १० हजारांपर्यंत काढणे व पाठवणे, आणि शिल्लक ५० हजारांच्या आत, अशा मर्यादा असून सरकारी अनुदाने शिल्लकेच्या मर्यादेत धरली जात नाहीत. खाते १२ महिने चालते, आणि त्या काळात दस्तऐवजासाठी अर्ज केल्याचे दाखवल्यास आणखी १२ महिने. द्राक्षमजुराच्या दृष्टीने यातील महिन्याची मर्यादा जाचक आहे, कारण टोळीचा हिशेब एकरावर होतो व रक्कम एकदम हाती येते. तरीही काहीच नसण्यापेक्षा हे खाते पुष्कळ बरे. ते न मिळाल्यास मजुरीचा सारा व्यवहार मुकादमाच्या हातून होतो. हंगामाच्या आधी दिलेली उचल किती फिटली आणि किती उरली याची वही त्याच्याकडेच असते, मजुराकडे नसते. शिल्लक पडलेली रक्कम भिशीत जाते, किंवा दारावर येणाऱ्या पिग्मी एजंटामार्फत पतसंस्थेत. आणि बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत जे ठेव-विम्याचे संरक्षण आहे ते पतसंस्थेतील ठेवीला नाही. ओळख न पटल्याने बँकेने नाकारलेला पैसा अशा प्रकारे अधिक धोक्याच्या जागी जाऊन बसतो. भटक्या-विमुक्त समाजांची, म्हणजे ज्यांना इंग्रजी अमलाने १८७१ च्या कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि १९५२ साली ज्यांची त्या शिक्क्यातून मुक्तता झाली त्यांची, अवस्था याहून बिकट आहे. बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते या महाराष्ट्रातीलच दोन कार्यकर्त्यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगांनी त्यांच्याकडे दाखले नसल्याचा प्रश्न अनुक्रमे २००८ व २०१८ च्या अहवालांत मांडला.

एकदा खाते उघडले म्हणजे प्रश्न संपला असेही नाही. कमी जोखमीच्या ग्राहकाची ओळख दर १० वर्षांनी, मध्यम जोखमीच्या ग्राहकाची ८ वर्षांनी आणि अधिक जोखमीच्या ग्राहकाची २ वर्षांनी नव्याने तपासावी लागते. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेतील पहिल्या खात्यांची १० वर्षे भरल्यावर ही फेरतपासणी एकदम कोट्यवधींच्या वाट्याला आली, आणि जुलै ते सप्टेंबर २०२५ या काळात ग्रामपंचायतींत त्यासाठी शिबिरे घेण्यात आली. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये नियम सैल करून कमी जोखमीच्या ग्राहकाचे व्यवहार केवळ फेर-केवायसी राहिली म्हणून लगेच थांबवू नयेत, त्याला मुदतीपूर्वी तीन सूचना द्याव्यात व त्यांतील एक पत्राने द्यावी, आणि बँकमित्रांमार्फतही, म्हणजे गावात बँकेचे काम पाहणाऱ्या प्रतिनिधींमार्फत, हे काम व्हावे असे सांगितले. पत्राची अट मोलाची आहे. परंतु ज्याचा पत्ताच दर हंगामाला बदलतो त्याला ते पत्र कोठे मिळायचे, हा प्रश्न त्या अटीने सुटत नाही.

बँकांची बाजू समजून न घेता हा विषय मांडणे अन्याय्य ठरेल. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना १४ नोव्हेंबरपासून जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली, त्यांच्या केवायसीची तपासणी नाबार्डने केली आणि तोवर जमा झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे भरण्याची मुभा जून २०१७ मध्ये मिळाली. नाशिक जिल्हा बँकेच्या शेतकरी खातेदारांनी त्या काळात स्वतःचेच पैसे मिळवण्यासाठी जे हाल सोसले ते या भागात कोणी विसरलेले नाही. केवायसीतील कुचराईबद्दल रिझर्व्ह बँक सहकारी बँकांना वारंवार दंड करते. शिवाय सायबर भामटे गरिबांची खाती थोड्या पैशांत भाड्याने घेऊन त्यांतून लुटीचा पैसा फिरवतात, आणि अशा खात्याचा माग लागला की शाखेतील कर्मचाऱ्याला जाब द्यावा लागतो. चुकीचे खाते उघडल्यास शिक्षा आहे. योग्य माणसाला नाकारल्यास आजवर काहीच नव्हते. काउंटरवरील सावधपणा या असमतोलातून जन्मतो, त्यामुळे केवळ कर्मचाऱ्यांच्या वागणुकीला दोष देणाऱ्यांशी सहमत होता येत नाही.

या असमतोलाला पहिला धक्का ३० एप्रिल २०२५ रोजी बसला. ॲसिड हल्ल्यात चेहऱ्याला व डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या एका महिलेला, कॅमेऱ्यासमोर पापणी लववता येत नाही म्हणून, डिजिटल केवायसी नाकारली गेली होती. तिच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आणि नियामक संस्थांना अनेक निर्देश दिले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी नियमांत घातलेली दुरुस्ती ओझरच्या मजुरालाही तितकीच लागू होते : केवायसीचा कोणताही अर्ज अधिकाऱ्याने विचारपूर्वक पाहिल्याशिवाय नाकारू नये आणि नकाराचे कारण नोंदवून ठेवावे. नोंदवलेले कारण तपासता येते, त्यावर वरिष्ठांकडे दाद मागता येते. ‘उद्या या’ या शब्दांची तशी तपासणी होऊ शकत नाही.

दाद मागण्याची रीतसर वाट म्हणजे नोव्हेंबर २०२१ पासूनची रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास, लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते व त्यासाठी १४४४८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. नोकरदाराला ३० दिवस थांबता येते. द्राक्षमजुराची टोळी तोवर ओझरचा मळा आटोपून पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीकडे सरकलेली असते आणि मार्चअखेर पाड्यावर परतलेली असते. म्हणून त्याच्यासाठी नंतरच्या दादीपेक्षा आधीची तयारी अधिक उपयोगाची आहे, आणि तिची साधने हाताशी आहेत. नाशिक जिल्ह्याची अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातील सर्व बँकांच्या कामाचा मेळ घालण्याची जबाबदारी असलेली बँक, बँक ऑफ महाराष्ट्र ही आहे. तिच्या पुढाकाराने गोडी छाटणीच्या सुमारास, टोळ्या गावात असताना आणि त्यांना सोयीच्या संध्याकाळच्या वेळी, ओझरमध्ये एकाच छताखाली आधार केंद्राचे यंत्र, नगरपरिषदेचा विवाहनोंदणी कर्मचारी, लघुखाते उघडण्याचा अधिकार असलेला बँक अधिकारी आणि पत्त्याच्या घोषणापत्राचे मराठीतील छापील नमुने आणता येतील. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे परिपत्रकही लागत नाही. नवा निर्णय लागतो तो फक्त परित्यक्तेच्या नावाबाबत : विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र यांच्या जोडीला तहसीलदाराने स्थानिक चौकशी करून दिलेला ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असा दाखला केंद्र सरकारने आपल्या नियमांत ग्राह्य धरावा, आणि त्या चौकशीत पतीच्या संमतीची अट नसावी.